टाकी चौकाचा उजवा कोपरा

नंदिनी गजभियेंना टाकी चौकात टेम्पोची धडक बसली तेव्हा त्या एका म्हाताऱ्या पेशंटला इंजेक्शन देऊन घरी परतत होत्या. एप्रिलचा दुसरा आठवडा होता आणि सकाळचे अकरा वाजून गेले होते. महापालिकेच्या दवाखान्यात तेहतीस वर्षं सिस्टर म्हणून काढून त्या दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. तरी नागपुरात जरीपटक्याच्या अलीकडच्या त्या वस्तीत कुणाचं बीपी बघायचं असलं, कुणाचं ड्रेसिंग बदलायचं असलं की हाक गजभिये सिस्टरांनाच जायची. त्या डोक्याला, तोंडाला सुती दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर निघायच्या आणि अर्ध्या तासात काम उरकून यायच्या.

मोठ्या रस्त्याने त्या चौकात शिरल्या एवढं त्यांना आठवत होतं. डाव्या गल्लीतून काहीतरी आलं, ब्रेक करकरले, आणि पुढच्याच क्षणी गालाला तापलेल्या डांबराचा चटका बसला. उजवा पाय आपला नसल्यासारखा पडलेला होता. भोवती माणसं जमली. टेम्पोच्या ड्रायव्हरला कुणीतरी दोन थोबाडीत मारल्या. तो म्हणाला, "मले मंग मारा बाप्पा, आधी बाईले उचला." त्यानेच चौघांच्या मदतीने त्यांना टेम्पोत घेतलं. गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेल्या गाठींवर आडवं निजवलं आणि दवाखान्यात पोचवलं. कोपऱ्यावरच्या कूलरच्या दुकानातले भैय्याजी पाण्याची बाटली घेऊन सोबत बसले होते.

मांडीचं हाड मोडलं होतं. सळई टाकावी लागली.

तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. हाताला सलाईन, डोक्यात औषधांची गुंगी. हवालदारांनी विचारलं, "टेम्पो कसा आला?" त्या म्हणाल्या, "एकदम आला." हवालदारांनी लिहिलं, भरधाव वेगाने व निष्काळजीपणे. मग वाचून दाखवलं. नंदिनीताईंनी सही केली.

जुलैच्या शेवटी वॉकर सुटला आणि हातात काठी आली. पहिल्याच दिवशी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मला टाकी चौकात जायचंय."

धम्मानंद रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी करून निवृत्त झालेले, वस्तीतल्या विहाराच्या समितीचे सचिव. जास्त बोलत नसत. ते म्हणाले, "चाल. पण खुर्ची घेतो सोबत."

रस्त्याच्या कडेला घडीची प्लास्टिकची खुर्ची टाकून नंदिनीताई अर्धा तास बसल्या. टेम्पो आला ती गल्ली समोर होती. गल्लीच्या तोंडाशी उजव्या कोपऱ्यावर भैय्याजींचं दुकान. दुकानापुढचा फूटपाथ मोकळा, पावसाने धुतलेला. गल्लीतून निघणाऱ्या माणसाला मोठा रस्ता पार जुन्या पाण्याच्या टाकीपर्यंत दिसत होता. एक सायकलवाला गल्लीतून आला, त्याने उजवीकडे पाहिलं, थांबला, बस जाऊ दिली आणि पुढे निघाला.

"एवढं सरळ दिसते," त्या म्हणाल्या. "मग त्याले मी काहून नाही दिसली?"

धम्मानंदांनी उठायला हात दिला.

"बेफिकीर होता. दुसरं काय," त्या उठता उठता म्हणाल्या.

चार महिने त्यांना त्या ड्रायव्हरचा राग आला नव्हता. दुखणं एवढं होतं की रागाला जागाच नव्हती. तो आता आला, आणि घरी पोचेपर्यंत चांगला तापला.

दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हर स्वतःच दारात उभा राहिला. नाव देवराव खडतकर, वय पंचेचाळीसच्या आसपास, हातात केळ्यांची पिशवी. मुलगी मुग्धाने दार उघडलं. ती शाळेत गणित शिकवायची. आईच्या पायापायी तिने उन्हाळ्याची सगळी सुटी दवाखान्यात घालवली होती.

"तुम्ही कशाला आले?" ती म्हणाली. "केस चालू आहे. तुम्ही इथं यायचं नसते."

"केसचं नाही बोलासाठी आलो. बाईंचं कसं आहे ते पाहायचं होतं."

"बरं आहे त्यांचं. जा आता."

आतून नंदिनीताईंचा आवाज आला, "मुग्धा, आत येऊ दे त्यांना. मला विचारायचंय."

देवराव खुर्चीच्या कडेला बसले. त्यांनी काठीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"मी तुम्हाला दिसले नाही का?" नंदिनीताईंनी सरळ विचारलं.

"नाही दिसल्या, बाई. कुठली शपथ घेऊ? कूलरच्या आडून एकदम समोर आल्या तुम्ही."

"कुठले कूलर? मी मागच्या आठवड्यात अर्धा तास बसून आले तिथं. त्या कोपऱ्यावर काही नाही."

देवरावांनी जरा गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं. "आता पावसाळा आहे ना, बाई."

मग धम्मानंद हळूच म्हणाले, "उन्हाळ्यात भैय्याजी फूटपाथवर मांडतो. एकावर एक. पार गल्लीच्या तोंडापर्यंत."

नंदिनीताई त्या रस्त्याने वीस वर्षं जात होत्या. दर उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या कूलरच्या भिंतीशेजारून गेल्या होत्या. नागपुरात फेब्रुवारी संपता संपता रस्त्यारस्त्यावर कूलर बाहेर येतात, वाळ्याच्या ताट्यांचे ढीग लागतात. त्याकडे कोण बघतं? आणि आता, राग ठेवायचा तो नेमका कुठे ठेवावा, हे त्यांना कळेना.

"केळी ठेवा तिथं," त्या म्हणाल्या. "मुग्धा, चहा टाक वं."

मुग्धाने चहा केला, पण आणून दिला तो धम्मानंदांनी.

त्यानंतरच्या महिन्यात नंदिनीताईंनी जे केलं ते त्यांच्या नोकरीतूनच आलं होतं. दवाखान्यात प्रत्येक आजाराला त्याचा महिना असे. मे आला की ऊन लागलेले, जुलैत कावीळ, सप्टेंबरात डेंगू. पेशंट दारात येण्याआधीच सिस्टर अंदाज बांधून तयारीत असायच्या. टाकी चौकातले अपघातही त्यांनी तसेच बघायला घेतले. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारलं. दवाखान्यात अजून नोकरीत असलेल्या जुन्या मैत्रिणीला विचारलं. काठी टेकत घरोघर जाऊन विचारलं, तुमच्या घरचा कधी पडला, कोणता सण होता, परीक्षा झाल्या होत्या का. लोकांना तारखा आठवत नव्हत्या, पण सण आणि परीक्षा आठवत होत्या.

तीन वर्षांत लहानमोठे चौदा अपघात निघाले. त्यातले अकरा फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचे होते. एक जण गेला होता, दूध घालणारा. तोही मे महिन्यात.

ही सगळी यादी लिहिलेला कागद मुग्धाने हातात घेतला. गणिताची बाई ती. दोनदा वरपासून खालपर्यंत वाचून म्हणाली, "आई, हा योगायोग नाही."

"साथ आहे," नंदिनीताई म्हणाल्या. "उन्हाळ्याची साथ आहे ही."

अर्ज लिहिला तो मुग्धानेच. चौकात गतिरोधक हवेत, गल्लीच्या तोंडाशी थांबायची रेघ हवी, उजवा कोपरा मोकळा राहायला हवा, आणि जमलं तर सिग्नल. खाली वस्तीतल्या दोनशे जणांच्या सह्या. अर्ज महापालिकेच्या झोन कार्यालयात गेला, एक प्रत वाहतूक पोलिसांना गेली. तीन फेऱ्यांनंतर कळलं की सिग्नलसाठी चौक 'ब्लॅक स्पॉट' असावा लागतो, आणि ब्लॅक स्पॉट ठरायला ठरावीक वर्षांत ठरावीक गंभीर अपघात पोलिसांच्या दप्तरी लागतात. चौदांपैकी पोलिसांत गेले होते फक्त तीन.

"आमचं कमी पडून राहिलं म्हणजे," धम्मानंद तिथल्या बाबूला म्हणाले. बाबूने मान खाली घालून दुसरी फाइल ओढली.

पण पाहणी मंजूर झाली. सप्टेंबर संपता संपता एका दुपारी कनिष्ठ अभियंता आली. हिमानी वैरागडे, तिशीच्या आतली मुलगी. पावसाची भुरभुर होती. तिने टेप धरून रस्त्याची रुंदी मोजली, गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, फोटो घेतले. भैय्याजी दुकानाच्या पायरीवर बसून बघत होते. त्यांच्या फूटपाथवर एक झोपलेलं कुत्रं सोडलं तर काही नव्हतं.

हिमानी नंदिनीताईंच्या खुर्चीजवळ आली. "काकू, इथून तर सगळं स्वच्छ दिसते."

"आज दिसते."

"मी आज जे दिसलं तेच लिहू शकते. उन्हाळ्यात असं होते, हे मी ऐकीव लिहिलं तर वर कुणी मानणार नाही."

तिला वाटलं होतं, आता या बाई चिडतील. नंदिनीताई म्हणाल्या, "खरं तेच लिहा बेटा. फक्त तारीख ठळक लिहा."

हिमानीने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग हातातल्या कागदावर तारीख पुन्हा एकदा गिरवली. जाताना आपला फोन नंबर दिला आणि म्हणाली, "कूलर बाहेर आले की मला कळवा."

अहवालात आलं, की दृश्यमानतेस अडथळा आढळला नाही. वस्तीतल्या पुष्कळांना वाटलं, संपलं. सह्या करणाऱ्यांपैकी एक जण तर नंदिनीताईंना तोंडावर म्हणाला, "सिस्टर, आता पायाकडे लक्ष द्या." त्यांनी खरंच पायाकडे लक्ष दिलं. रोज सकाळी मांडीखाली उशी घेऊन व्यायाम केला, जिना चढायला शिकल्या. थंडी आली आणि गेली.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात भैय्याजींच्या दुकानापुढे कूलरचा पहिला टेम्पो उतरला. चार दिवसांत फूटपाथवर दोन रांगा लागल्या, एकावर एक, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. नंदिनीताईंनी हिमानीला फोन केला. मग काठी घेऊन त्या एकट्याच दुकानात गेल्या.

भैय्याजींनी स्टूल पुसून दिलं. त्यांना सिस्टरबद्दल आदर होता. त्यांच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात सिस्टर रोज घरी येत असत.

"अर्ज तुम्ही केला हे मले माहीत आहे," ते म्हणाले. "मी राग नाही धरला. पण सिस्टर, तुम्हीच सांगा, कूलर दुकानाच्या पोटात ठेवला तर घेईल कोण? रस्त्यानं जाणाऱ्याले दिसला पाहिजे. चार महिन्याचा धंदा आहे माझा. बाकी आठ महिने मी काय करतो, तुम्ही पाहता ना."

"पाहते."

"अन् गाड्यावाल्यांनी हळू चालवावं ना. माझ्या बापाच्या वेळेपासून मांडून राहिलो आम्ही इथं."

"तेव्हा गाड्या किती होत्या, भैय्याजी?"

ते हसले. चहा आला.

"मी भांडायला नाही आले," नंदिनीताई म्हणाल्या. "मला तुमची एक सकाळ पाहिजे. रविवारी साडेसहाला. काही हलवू नका, काही झाकू नका. फक्त या."

"करायचं काय?"

"बसायचं."

रविवारी सकाळी चौक मोकळा होता. देवराव टेम्पो घेऊन आले. तीन महिने लायसन्स जमा होतं. ते परत मिळाल्यावर मालकाने त्यांना पुन्हा कामावर घेतलं होतं. नंदिनीताईंचा बेत होता की स्कूटी आपणच चालवायची, पण आदल्या दिवशी अंगणात स्कूटीवर बसून पाहिलं तर गुडघा पुरता वाकेना. त्या उतरल्या आणि पायरीवर जाऊन बसल्या. मुग्धाने गाडी स्टँडवर लावली आणि म्हणाली, "मी चालवते उद्या." दारातल्या त्या दिवसानंतर ती देवरावांशी एक शब्दही बोललेली नव्हती.

देवरावांनी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आणला. थांबायला पाहिजे तिथे, मोठ्या रस्त्याच्या जरा अलीकडे, उभा केला, इंजिन बंद केलं, चावी काढून नंदिनीताईंच्या हातात दिली आणि ड्रायव्हरच्या सीटवरून खाली उतरले. त्या सीटवर हिमानी चढून बसली. देवराव शेजारच्या दारात उभे राहिले. धम्मानंद मोठ्या रस्त्याच्या पलीकडे उभे होते, जिथून त्यांना मुग्धाही दिसत होती आणि टेम्पोही. मुग्धा कुठवर आली ते त्यांनी वाटेतल्या खुणांची नावं घेत ओरडून सांगायचं, आणि दिसली की हिमानीने हात वर करायचा, एवढंच ठरलं होतं.

मुग्धा टाकीपासून निघाली. वीसच्या वर जायचं नाही, असं आईने बजावलं होतं.

"मेडिकल," धम्मानंद म्हणाले.

हिमानीने सीटवर पुढे सरकून उजवीकडे पाहिलं. पत्र्याच्या जाळ्या आणि वाळ्याची ताटी. हात वर झाला नाही.

"पिंपळ."

नाही.

"सलून."

नाही. हिमानी आता काचेला कपाळ टेकवून बघत होती.

मग धम्मानंद काही बोलायच्या आत मुग्धा टेम्पोच्या नाकासमोरून निघून गेली. इतक्या जवळून, की तिच्या ओढणीचा रंग हिमानीला आधी दिसला आणि मुग्धा नंतर.

हिमानी सावकाश खाली उतरली. "मी जरा पुढे असते गाडी चालू ठेवून, तर..." ती म्हणाली आणि थांबली. देवराव रस्त्याकडे बघत होते.

"आता तुम्ही, भैय्याजी," नंदिनीताई म्हणाल्या.

भैय्याजी जाडजूड माणूस. देवरावांनी हात देऊन त्यांना वर चढवलं. मुग्धा पुन्हा टाकीपाशी गेली, पुन्हा आली. ती समोरून गेल्यावर ते म्हणाले, "आणखी एक डाव." ती आणखी एकदा आली. ते उतरले, कूलरच्या रांगेपाशी गेले आणि एका कूलरच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"एकावर एक नाही ठेवत," ते म्हणाले. "खालचीच रांग ठेवतो."

"करून पाहू," हिमानी म्हणाली.

देवराव आणि भैय्याजींनी मिळून वरचे कूलर उतरवले. धम्मानंदही लागले. घाम निघाला. मुग्धा चौथ्यांदा आली. या वेळी हिमानीला सलूनपाशी तिचं डोकं दिसलं, नुसतं डोकं, तेही तिची वाट पाहत बसली होती म्हणून. धंद्याच्या घाईतल्या ड्रायव्हरला दिसलं असतं की नाही, कुणी सांगावं.

"तरी पुरत नाही," ती म्हणाली.

भैय्याजी दुकानाच्या पायरीवर बसले. "मंग मी माझं दुकान कुठं नेऊ?" ते रागात नव्हते. त्यांना खरंच विचारायचं होतं. कोपरा मोकळा हवा एवढंच नंदिनीताईंनी ठरवलं होतं; त्या कोपऱ्यावर पोट असलेल्या माणसाचा विचार त्यांच्या अर्जात नव्हता. ते त्यांना त्या पायरीसमोर उभं असताना जाणवलं आणि थोडी लाज वाटली.

घाम पुसत धम्मानंद म्हणाले, "विहाराचं आवार आहे."

विहार चौकाच्या तिरप्या कोपऱ्यावर होता, रस्त्यापासून आत, पुढे बुटक्या भिंतीचं मोकळं आवार. तिथे मांडलेलं चारी रस्त्यांवरून दिसलं असतं आणि कुणाच्या आड आलं नसतं.

ते सोपं गेलं नाही. समितीच्या बैठकीत दोघांनी सरळ विरोध केला. विहारात कसला धंदा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. धम्मानंदांनी वाद घातला नाही. त्या दूधवाल्याचं नाव घेतलं, तो ज्या घरांत दूध घालायचा त्यांतली चार घरं त्या बैठकीतच होती. शेवटी ठरलं, की फक्त उन्हाळ्याचे चार महिने, भिंतीला लागून, वंदनेच्या वेळी काही आवाज नाही. आणि भाड्याऐवजी भैय्याजींनी विहाराच्या अभ्यासिकेत दोन कूलर लावून द्यायचे. अभ्यासिकेत पोरं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायची, आणि मे महिन्यात तिथला पंखा गरम वाराच फेकायचा. त्यामुळे पोरांनीच सगळ्यांत जास्त जोर लावला.

भैय्याजींनी कूलर हलवले. पहिले आठ दिवस ते नाराज होते, गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येत नाही म्हणाले. मग दुकानावर बाण काढलेला फलक लावला. त्या वर्षी विक्री कशी झाली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण पुढच्या वर्षी जानेवारीतच धम्मानंदांकडे येऊन आवाराचं विचारून गेले.

हिमानीने दुसरा अहवाल लिहिला. सप्टेंबरचा फोटो आणि फेब्रुवारीचा फोटो शेजारीशेजारी लावले. दोन्हींवर तारखा होत्या. तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला अडीच महिने लागले. मधे एप्रिलमध्ये क्लासला निघालेली एक मुलगी चौकातच स्कूटरच्या धक्क्याने सायकलवरून पडली. कोपरा मोकळा होता, दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, पण मोठ्या रस्त्यावरचा वेग तसाच होता. मुलीचा हात सोलवटला. नंदिनीताईंनी ड्रेसिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईला घेऊन झोन कार्यालयात जाऊन बसल्या. नुसत्या बसल्या, तीन दिवस. मे संपायच्या आत मोठ्या रस्त्यावर दोन्हीकडे गतिरोधक आले, गल्लीच्या तोंडाशी पांढरी जाड रेघ आली, आणि उजव्या कोपऱ्याला लोखंडी कठडा बसला. सिग्नल आला नाही.

कोर्टाची तारीख लागली ती त्यानंतरच्या डिसेंबरात.

नंदिनीताईंनी तोवर आपला जबाब पुन्हा वाचला होता. आदल्या आठवड्यात रात्रीच्या जेवणाला बसताना त्या मुग्धाला म्हणाल्या, "त्यात एक शब्द खोटा आहे."

"कोणता?"

"भरधाव."

मुग्धा भात वाढता वाढता थांबली. "आई, तो थांबला असता तर हे झालंच नसतं. कोपरा दिसत नव्हता तर उतरून बघायचं."

"हो. ते मी सांगेन. पण भरधाव होता, हे मी कसं सांगू? मी टेम्पो पाह्यलाच नव्हता."

मुग्धाने भात वाढला. थोड्या वेळाने म्हणाली, "मी येते तुझ्यासोबत."

साक्षीच्या पिंजऱ्यात नंदिनीताईंना खुर्ची दिली. सरकारी वकील मध्यमवयीन गृहस्थ होते, घाईत होते, दिवसभरात त्यांना आणखी सहा केसेस होत्या.

"टेम्पो भरधाव वेगात होता असं तुम्ही जबाबात सांगितलं आहे."

"लिहिलेलं आहे. सही माझी आहे."

"मग बरोबर आहे ना?"

"नाही साहेब. मी टेम्पो येताना पाहिलाच नाही. जो पाहिला नाही त्याचा वेग मी सांगू शकत नाही."

वकिलांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "आरोपी तुमच्या घरी आला होता?"

"आला होता. पायाची चौकशी करायला."

"आणि त्याच्या सांगण्यावरून तुम्ही आता हे बदलून राहिल्या."

"मी आज काय बोलणार हे त्याला माहीत नाही. मी सांगितलं नाही." त्या जरा थांबल्या. "त्याने थांबून, उतरून बघायला हवं होतं. माझाही चौकात वेग कमी नव्हता. पण तिथं कूलर लावलेले होते. त्याला मी दिसत नव्हते आणि मला तो. तेवढं मला स्वतःला माहीत आहे."

वकिलांनी न्यायाधीशांकडे साक्षीदार फितूर जाहीर करायची परवानगी मागितली. ती मिळाली. कारकुनाने टाइप केलं. नंदिनीताईंना तो शब्द ऐकू आला आणि त्यांचा चेहरा उतरला. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कागदावर लाल शेरा नव्हता. आता सरकारी दप्तरात त्यांच्या नावापुढे फितूर लिहिलं गेलं होतं, आणि ते खरं बोलल्याबद्दल.

आरोपीच्या जागी उभे असलेले देवराव जमिनीकडे बघत होते.

बाहेर आवारात कडुनिंबाखाली ते हात जोडून पुढे आले. नंदिनीताई म्हणाल्या, "भाऊ, मी तुमच्यासाठी नाही केलं. माझी सही होती ती."

"हाव, सिस्टर."

"जेवले का?"

"नाही."

"चला मग. मुग्धा, इथं जवळपास काय मिळते?"

मुग्धाने देवरावांकडे पाहिलं. "भाऊ, तुम्हाला झुणका-भाकर चालते ना? पलीकडे चांगली मिळते," ती म्हणाली आणि रस्ता दाखवत पुढे झाली.

फेब्रुवारीत निकाल लागला. देवराव निर्दोष सुटले. घरी बातमी आली तेव्हा नंदिनीताई जिना झाडत होत्या. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली, "बरं झालं" म्हणाल्या आणि उरलेल्या दोन पायऱ्या झाडून घेतल्या.

या उन्हाळ्यात टाकी चौकात दोघे जण घसरून पडले, दोन्ही वेळा पाण्याच्या टँकरने सांडलेल्या पाण्यावर. उजव्या कोपऱ्यावर कुणाला काही झालं नाही. सिग्नलचा अर्ज दर सहा महिन्यांनी जातो आणि दर वेळी त्याच व्याख्येवर अडतो. नंदिनीताईंनी तो बंद केलेला नाही.

हिमानीची बदली दुसऱ्या झोनमध्ये झाली. जूनच्या सुरुवातीला तिचा फोन आला. तिकडे एका शाळेजवळच्या वळणावर वर्षभरात पाच जण पडले होते, आणि ती तीन वेळा जाऊन आली तरी तिला काही सापडत नव्हतं.

"काकू, याल का एकदा? नुसतं येऊन बसा. मी खुर्ची ठेवते."

"कधी पडतात, ते विचारून ठेव आधी," नंदिनीताई म्हणाल्या. "घरोघरी जाऊन विचार, फोनवर नको. मी गुरुवारी येते."